आंब्याच्या हिशेबाचं ॲप खुलं करतोयस? आधी लायसन्स ठरव

देवगडच्या बागायतदारांसाठी पेट्यांचा हिशेब ठेवणारं ॲप लिहिलंस, झकास काम! पण कोड नेटवर टाकला म्हणजे ओपन सोर्स (कुणीही वापरावं, बदलावं, वाटावं असं खुलं) झालं, हा समज आधी डोक्यातून काढ. लायसन्स, म्हणजे इतरांना कोडचं काय करता येईल याची लेखी परवानगी, नसेल तर सगळे हक्क कॉपीराइटने तुझ्याकडेच राहतात. रत्नागिरीतल्या कुणी कोड वाचला, तरी बदलून वाटायची मुभा त्याला नाही.

सुरुवातीला एवढंच बघ:

- मुख्य फोल्डरात लायसन्सची फाइल, मजकूर जसाच्या तसा. एमआयटी (जवळपास काहीही करू देणारं तयार लायसन्स) घेतलंस तर वर्ष आणि नाव भर.
- कुणी बंद, म्हणजे कोड न देणाऱ्या, सॉफ्टवेअरात वापरलं तरी चालणार असेल तर एमआयटी. नाहीतर जीपीएल, म्हणजे बदलून वाटलेला कोडही खुलाच ठेवायला लावणारं लायसन्स. मी २००७ ची तिसरी आवृत्ती घेईन. उद्या वाशीच्या एखाद्या व्यापाऱ्याने त्यात भर घालून ते बागायतदारांनाच विकलं, तर खुशाल विकू दे. पण सुधारलेला कोड त्यांना द्यावाच लागेल.
- स्वतःचं लायसन्स रचू नकोस. नवखे हमखास ‘व्यावसायिक वापरास मनाई’ लिहितात आणि वर ओपन सोर्स म्हणवतात. ओपन सोर्सच्या व्याख्येत ही अट बसत नाही.

दुसऱ्याची लायब्ररी (तयार कोडचा संच) घेतली असशील तर तिचं लायसन्स वाच. आणि हे सगळं इतरांचे बदल स्वीकारण्याआधी. नंतर लायसन्स बदलायचं तर सहसा प्रत्येकाची संमती मागत फिरावं लागतं.

एजीपीएल (नेटवरून चालणाऱ्या सॉफ्टवेअरसाठीचं जीपीएल), दुहेरी लायसन्स (एकाच कोडला दोन लायसन्सं), जीपीएलवाल्या रिचर्ड स्टॉलमनचे पंथी विरुद्ध ओपन सोर्सवाले हे भांडण, सगळं पावसाळ्यात बोलू. सध्या सीझन आहे, आधी ती फाइल टाक.