इंजेक्शन घेतलं, तरी रिपोर्ट पॉझिटिव्ह का?

‘मॅडम, खरं सांगा, हे आता जन्मभर जाणार नाही ना?’ खुर्चीत बसायच्या आधीच त्यांनी विचारलं. वय पस्तिशीचं, मालट्रकवर ड्रायव्हर. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) हातात खासगी लॅबचा रिपोर्ट. ‘टीपीएचए पॉझिटिव्ह’ या ओळीखाली निळ्या पेनानं इतक्यांदा रेघ मारलेली, की कागद फाटायला आला होता.

सहा महिन्यांपूर्वी आमच्याच सुरक्षा क्लिनिकमध्ये, म्हणजे लैंगिक आजारांच्या सरकारी दवाखान्यात, त्यांना गरमीचं, म्हणजे सिफिलिसचं निदान झालं होतं. न दुखणारी जखम, व्हीडीआरएल या रक्ताच्या टेस्टचा आकडा १:३२. बेन्झाथिन पेनिसिलिनचा २४ लाख युनिटचा डोस दोन्ही कुल्ल्यांत निम्मा-निम्मा दिला होता. जखम भरली, तसे ते तीन महिन्यांच्या तपासणीला आलेच नाहीत. मग मनात शंका आली आणि परस्पर टेस्ट करून घेतली. नेमकी नको ती.

टीपीएचए बहुतेकांची बरं झाल्यावरही पॉझिटिव्हच राहते. हा आजार कधीतरी होऊन गेला, एवढंच ती सांगते. उपचार लागू पडला का, हे बघायचं व्हीडीआरएलच्या आकड्यावरून. रक्तातला द्रव दुप्पट, चौपट, आठपट असा पातळ करत जातात आणि कुठपर्यंत खूण दिसते ते बघतात. मी कागदावर ३२, १६, ८ लिहून दाखवलं. एक पायरी खाली-वर झाली तर तो नुसता वाचण्यातला फरक असू शकतो. दोन पायऱ्या उतरल्या तर खरी घट. म्हणून दर वेळी तीच टेस्ट, जमल्यास त्याच लॅबमध्ये. दोन पायऱ्या चढल्या तर मात्र पुन्हा लागण झाली किंवा औषध पुरलं नाही, असं समजून डॉक्टर नव्यानं तपासतात.

त्यांचं रक्त आमच्या लॅबला पाठवलं. १:८ आलं. ते बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिले. रात्र-रात्र गाडी चालवताना हाच विचार डोक्यात असायचा, म्हणाले.

चूक आमचीही होती. ‘तीन महिन्यांनी या’ असं सांगितलं, पण कोणती टेस्ट आणि का, हे चिठ्ठीवर लिहून दिलं नव्हतं. आता मी ते मोठ्या अक्षरांत लिहिते.

त्यांच्या पत्नीची व्हीडीआरएल तेव्हा निगेटिव्ह होती, तरी डॉक्टरांनी तिलाही इंजेक्शन दिलं होतं. संबंध तीन महिन्यांच्या आतले असतील, तर लागण झालेली असूनही टेस्टमध्ये दिसत नाही, असं होतं. दोघांची एचआयव्हीची तपासणीही केली होती. तीही तीन महिन्यांनी पुन्हा करायची राहिली होती, ती त्याच दिवशी करून घेतली. दोघं निगेटिव्ह.

वर्ष पूर्ण झाल्यावर ते स्वतःहून आले. १:२. ‘आता हे कागद फाडून टाकू का?’

‘नाही दादा, जपून ठेवा. उद्या दुसऱ्या कुठल्या डॉक्टरांनी टीपीएचए केली, तर हेच कागद दाखवायचे.’

त्यांनी कागद घडी घालून लायसनच्या पाकिटात ठेवले.