वाचकांचे प्रश्न : ऑलिव्हचे फळ, झाड, लाकूड आणि रंग

गेल्या अंकातील ऑलिव्ह तेलावरच्या लेखानंतर आलेल्या पत्रांत तेलापेक्षा झाडाविषयीच अधिक विचारणा आहे. त्यांतील काही प्रश्नांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : पिझ्झावरचे काळे ऑलिव्ह आणि बाटलीतले हिरवे ऑलिव्ह ही वेगवेगळ्या झाडांची फळे आहेत का? ताजे ऑलिव्ह फळबाजारात का मिळत नाही? (एक वाचक, नाशिक)

दोन्ही एकाच झाडाची असू शकतात. ऑलिव्हचे फळ आधी हिरवे असते, मग पिवळसर पडते, त्यावर जांभळी छटा चढते आणि पूर्ण पिकल्यावर ते काळसर होते. भूमध्य समुद्राभोवतीच्या देशांत खाण्याची हिरवी फळे पावसाळी थंडी सुरू होण्याच्या सुमारास तोडतात, तर पिकलेली फळे हिवाळ्यात उतरवतात. मात्र कोणत्याही रंगाचे फळ झाडावरून काढून सरळ तोंडात टाकता येत नाही, कारण त्याच्या गरात ओल्युरोपिन नावाचे अतिशय कडू द्रव्य असते. तो कडूपणा काढल्याशिवाय फळ विकण्याजोगे होत नाही, म्हणून ते आपल्यापर्यंत बाटलीतून किंवा डब्यातूनच येते.

कडूपणा काढण्याच्या रीती निरनिराळ्या आहेत आणि चवीतला खरा फरक त्यांच्यामुळे पडतो. स्पेनमधल्या सेव्हियाच्या रीतीने हिरवी फळे कॉस्टिक सोड्याच्या पातळ द्रावणात काही तास ठेवतात, द्रावण गरात मुरत कोयीच्या जवळ पोहोचले की फळे काढून स्वच्छ धुतात आणि मग मिठाच्या पाण्यात आंबवतात. हे आंबवण्याचे काम लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू करतात. ग्रीसमधली कालामाता जातीची जांभळट फळे मात्र सोड्याशिवाय, नुसत्या पाण्यात किंवा मिठाच्या पाण्यात मुरवण्याची परंपरा आहे. त्यांच्यातला कडूपणा सावकाश पाण्यात उतरतो आणि थोडासा मागे राहतो. माझ्या मते ऑलिव्हची चव त्या उरलेल्या कडूपणातच आहे, आणि ज्यांना बाटलीतले पहिले ऑलिव्ह आवडले नाही त्यांनी एकदा ही फळे चाखून पाहावीत.

पिझ्झावरच्या काळ्याभोर चकत्यांची गोष्ट वेगळी आहे. त्या बहुतेक वेळा पिकलेल्या फळाच्या नसतातच. हिरवी फळे सोड्याच्या द्रावणातून काढून त्यांना भरपूर हवा लागू देतात, त्यामुळे ती काळी पडतात, आणि तो रंग पक्का राहावा म्हणून फेरस ग्लुकोनेट हा लोहाचा क्षार वापरतात. कॅलिफोर्नियात रूढ झालेली ही पद्धत कायदेशीर आहे आणि त्यात प्रकृतीला धोका नाही. पण पिकलेल्या फळाची चव मिळेल असे समजून आपण हे ऑलिव्ह घेत असलात, तर ती अपेक्षा पुरी होणार नाही. डब्यावर ‘ई ५७९’ असे लिहिले आहे का ते पाहावे. फळ कापल्यावर गर कोयीपर्यंत एकसारखा काळा दिसला, तर तो रंग असा आणलेला आहे असे समजावे. झाडावर पिकलेल्या फळांचा रंग तपकिरी-जांभळट असतो आणि एकाच बाटलीतही तो फळागणिक बदलतो.

प्रश्न : नोकरीनिमित्त आम्ही गुवाहाटीला राहतो. येथे हिवाळ्यात बाजारात ‘ऑलिव्ह’ म्हणून हिरवी आंबट फळे मिळतात. त्यांचे तेल निघते का? (एक वाचक, गुवाहाटी)

ती जलपाई. इंग्रजीत तिला भारतीय ऑलिव्ह म्हणतात, पण ऑलिव्हशी तिचे नाते नाही. ती रुद्राक्षाच्या प्रजातीतली आहे. जलपाईचा गर आंबट असतो आणि ऑलिव्हसारखे तेल त्यातून मिळत नाही. लोणचे, चटणी आणि आंबट वरण यांसाठी मात्र हे फळ उत्तम आहे.

प्रश्न : रोपवाटिकेतून ऑलिव्हचे रोप आणून मुंबईत गच्चीवर मोठ्या कुंडीत लावले. पाने छान आहेत, पण चार वर्षांत एकदाही फूल आले नाही. कोणते खत द्यावे? (एक वाचक, मुंबई)

खताने हे होणार नाही. ऑलिव्हला कळ्या धरण्यासाठी हिवाळ्यात काही आठवडे चांगली थंडी लागते, आणि त्यानंतर कोरडा, कडक उन्हाळा लागतो. मुंबईत पहिली गोष्ट नाही आणि दुसरीच्या जागी चार महिने पाऊस आहे. शिवाय याचे परागीभवन वाऱ्याने होते आणि अनेक जातींना फळ धरण्यासाठी शेजारी दुसऱ्या जातीचे झाड लागते. पानांसाठी झाड ठेवायचे असेल तर जरूर ठेवावे. कुंडीत पाणी साचू देऊ नये, कारण याची मुळे ओलीने लवकर कुजतात.

भारतात या झाडाला थोडीफार मानवणारी जागा राजस्थानात सापडली. तेथे २००७ साली राज्य सरकारचे कृषी पणन मंडळ, इस्रायलमधली एक कंपनी आणि पुण्याची फिनोलेक्स प्लासन यांनी मिळून हा प्रयोग हाती घेतला, इस्रायलमधून रोपे आणून ठिबक सिंचनावर बागा उभ्या केल्या आणि पुढे बिकानेर जिल्ह्यात लुणकरणसर येथे तेल काढण्याचा कारखानाही सुरू झाला. वाळवंटातल्या थंड रात्री आणि कोरडी हवा या दोन गोष्टींमुळे तेथे फळ धरते. कोकणात किंवा देशावर तशीच लागवड करून पाहावी असे कोणी सुचवले, तर शेतकऱ्याने आधी आपल्या गावचे जानेवारीतले तापमान पाहावे.

आपल्या गच्चीसाठी मी याच कुळातली झाडे सुचवीन. मोगरा, जाई, जुई, कुंद आणि पारिजातक ही सगळी ऑलिव्हच्याच कुळातली आहेत आणि मुंबईच्या हवेत भरभरून फुलतात. सह्याद्रीत तर याहून जवळचा नातेवाईक आहे : महाबळेश्वरच्या सदाहरित रानात जांभूळ आणि अंजनीच्या सोबतीने वाढणारे पारजांभूळ. त्याची लहान, निळसर-काळी फळे पक्षी आवडीने खातात. एवढे सुंदर झाड जवळ असताना ते बहुतेक पर्यटकांच्या नजरेतून सुटते, याचे मला वाईट वाटते.

प्रश्न : पवित्र भूमीच्या यात्रेहून बेथलेहेममध्ये घेतलेला ऑलिव्हच्या लाकडाचा, येशूजन्माचा गव्हाणीचा देखावा आणला. विक्रेत्याने लाकूड दोन हजार वर्षांच्या झाडाचे असल्याचे सांगितले. आता एका मूर्तीला बारीक भेग पडली आहे. (एक वाचक, वसई)

लाकूड खरे असेल, वयाचा दावा बाजूला ठेवावा. बेथलेहेमचे कारागीर प्रामुख्याने छाटलेल्या फांद्या वापरतात; फळ देणारे झाड लाकडासाठी कोणी सहसा पाडत नाही. जुन्या ऑलिव्हचे वय सांगणे मुळातच अवघड असते, कारण खोडाचा गाभा कुजून पोकळ होतो आणि मोजण्यासारखी वर्तुळेच उरत नाहीत. जेरुसलेमजवळच्या गेथशेमाने बागेतल्या झाडांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा तपासलेल्या तीन खोडांचे लाकूड बाराव्या शतकाच्या आसपासचे निघाले. झाड मुळापासून पुन्हा फुटत असल्यामुळे मुळे त्याहून जुनी असू शकतात.

हे लाकूड सावकाश वाढलेले, जड आणि घट्ट असते, त्याचे तंतू एकमेकांत गुंतलेले असतात आणि पिवळसर रंगावर गडद तपकिरी वळणे उमटतात. हेच गुण त्याला भेगाही पाडतात, कारण असे लाकूड सगळीकडे सारखे वाळत नाही. वसईचा दमट पावसाळा आणि नंतरची कोरडी हवा यांत ते फुगते आणि आकसते. देखावा उन्हापासून आणि एसीच्या झोतापासून दूर ठेवावा, कोरड्या फडक्याने पुसावा आणि वर्षातून एकदा जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवावा. ऑलिव्ह तेल लावू नये. ते वाळत नाही, चिकट राहते आणि त्याला खवट वास येतो. याच लाकडाचे डाव आणि चमचे घरात असतील तर ते पाण्यात भिजत ठेवू नयेत.

प्रश्न : लष्कराच्या गणवेशाला ऑलिव्ह हिरवा म्हणतात, पण ऑलिव्हचे झाड चित्रांत करड्या रंगाचे दिसते. हा रंग कसा मिसळावा? (एक कलाशिक्षिका, कोल्हापूर)

रंगाला हे नाव पिवळे पडू लागलेल्या कच्च्या फळावरून आले आहे. पान वरून मंद हिरवे असते, पण त्याच्या खालच्या बाजूला पाणी वाचवणारे सूक्ष्म खवले दाटलेले असल्यामुळे ते रुपेरी दिसते, आणि वारा सुटला की सगळे झाड करडे भासते. भारतीय लष्कराने स्वातंत्र्यानंतर खाकीऐवजी हा हिरवा रंग स्वीकारला. तो मिसळण्यासाठी हिरव्या नळीची गरज नाही : लिंबू-पिवळ्या रंगात काळा थेंबाथेंबाने घालत गेल्यास मिश्रण आपोआप ऑलिव्हकडे वळते, आणि फार हिरवे वाटल्यास त्यात किंचित काव मिसळावी.