त्याची अवजारे आधी परत आणा

प्रश्न : माझा मुलगा यंदा दहावीला ७१ टक्के मिळवून पास झाला. सुट्टी लागल्यापासून तो उद्यमनगरात मामाच्या गॅरेजवर पडून असतो. मामा जुन्या फियाट आणि पद्मिनी दुरुस्त करतो. तिथे हा पाने वाकवतो, पुलर (घट्ट बसलेले भाग ओढून काढायचे साधन) बनवतो, लोखंडाचे तुकडे कापत बसतो. माझ्या साडूंचा मुलगा ‘नीट’च्या तयारीला लातूरला गेला आणि आमचा मेस्त्री होणार? चिडून मी त्याची सगळी अवजारे भंगारवाल्याला घातली. घालण्याआधी काढलेला फोटो सोबत जोडला आहे. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. गाड्यांची एवढीच आवड असेल तर अकरावी सायन्स करून ऑटोमोबाईल इंजिनिअर हो, एवढेच माझे म्हणणे आहे. काय करावे?
— एक पालक, कोल्हापूर

उत्तर : ७१ टक्के चांगले मार्क आहेत, त्यांची काळजी सोडा. मला काळजी वाटते ती भंगाराच्या ओळीची. सोळा वर्षांच्या मुलाने स्वतःच्या हाताने केलेल्या वस्तू तुम्ही किलोच्या भावाने विकल्यात. तो नापास झाला नाही, वाईट संगतीला लागला नाही, पैसे उडवले नाहीत. साडूंचा मुलगा लातूरला गेला, त्याचा राग याच्यावर निघाला. शिवाय ‘मेस्त्री होणार?’ असे तुम्ही ज्या सुरात विचारता, तो मेस्त्री तुमच्या पत्नीचा सख्खा भाऊ आहे. हे बोलणे घरात त्यांनीही ऐकले असेल. मुलगा गप्प आहे यात नवल काहीच नाही. त्याची माफी मागा, आणि आडून नको, ‘माझे चुकले’ असे सरळ म्हणा. मग त्याला बरोबर घेऊन भंगारवाल्याकडे जा आणि जे मिळेल ते सोडवून आणा. करिअरचे बोलणे त्यानंतर.

तुम्ही काय विकलेत ते फोटोवरून सांगते. डावीकडचा वीतभर लांबीचा दांडा क्लचप्लेट मध्यावर धरण्यासाठी आहे. क्लच बसवताना प्रेशर प्लेटचे बोल्ट आवळण्याआधी क्लचप्लेट फ्लायव्हीलच्या बरोबर मध्यावर असावी लागते. ती जरा जरी सरकली तर गिअरबॉक्सचा शाफ्ट आत शिरत नाही आणि माणसे गाडीखाली झगडत राहतात. म्हणून या दांड्याचे टोक बारीक आहे, ते फ्लायव्हीलच्या मध्यावरच्या छोट्या गोल कड्यात, म्हणजे पायलट बुशात बसते. मागचा जाड भाग क्लचप्लेटच्या भोकात बसतो. दोन वेगळे व्यास, दोन्ही एकाच मध्यरेषेवर, दोन्हींची मापे व्हर्नियरने घेऊन लेथवर उतरवलेली. शेजारचा लांब बोल्ट, पाइपचा तुकडा आणि जाड वॉशर बहुधा कमानपाट्याच्या (लीफ स्प्रिंगच्या) टोकाच्या गोल डोळ्यातला जुना बुश ओढून काढण्यासाठी असावेत. नट आवळत गेले की बुश पाइपमध्ये सरकतो, घण घालावा लागत नाही. वाकवलेला रिंग पाना अडचणीतल्या एखाद्या नटासाठी केलेला दिसतो, जिथे सरळ पाना फिरायला जागाच नसते.

पूर्वी अशी खास अवजारे गाडीची कंपनी आपल्या अधिकृत वर्कशॉपला द्यायची. पद्मिनी कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची. तिचे उत्पादन थांबून वीसहून अधिक वर्षे झाली. वर्कशॉप बंद पडली, अवजारे पांगली. जुन्या ब्रिटिश गाड्यांचे दुखणे आणखी मोठे. त्यांच्यावर व्हिटवर्थ म्हणजे जुन्या ब्रिटिश पद्धतीचे आटे सापडतात, त्यांचा कोन ५५ अंशांचा, तर आजच्या मेट्रिक आट्यांचा ६० अंशांचा. नटांची मापेही निराळी, त्यामुळे बाजारातला पाना जबरदस्तीने लावला तर नटाचे कोपरेच झिजतात. अशा गाड्यांवर काम करणाऱ्याला अवजार घडवता आलेच पाहिजे, आणि तुमच्या मुलाला ते येऊ लागले आहे.

आता तुमचा मोठा गैरसमज. गाडीची आवड म्हणजे ऑटोमोबाईल इंजिनिअरिंग, असे बहुतेक पालक धरून चालतात. त्या पदवीत थर्मोडायनॅमिक्स, कंपनांचे गणित, वाहनाची गतिकी, संगणकावरचे डिझाइन असते. विषय उत्तम आहेत, पण हातात कानस येते ती पहिल्या वर्षाच्या वर्कशॉपच्या तासांना, आणि तीही थोडीच. त्याहून मोठी गोष्ट अशी, की तुमच्या मुलाला गाडीची आवड आहे असे मला वाटतच नाही. तो गाडी चालवायला मागतो, नव्या मॉडेलबद्दल बोलतो, असे पत्रात कुठेही नाही. तो काय करतो? एखादा भाग निसटू नये, जागेवर बसावा, निघताना मोडू नये, यासाठी वस्तू बनवतो. उद्योगात या कामाला टूलरूम म्हणतात. तुमच्याच शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या वसाहतींत फाउंड्रीतून निघालेले कास्टिंग मशीनवर चढते, तेव्हा ते दर वेळी त्याच जागी, त्याच कोनात बसावे म्हणून त्याला धरून ठेवणारे फिक्स्चर लागते. त्या फिक्स्चरमधल्या लोकेटर पिना आणि तुमच्या मुलाचा दांडा यांचे तत्त्व एकच आहे. तो ते न शिकवता करतो आहे.

म्हणून माझे स्पष्ट मत : अकरावी सायन्स नको, ऑटोमोबाईलही नको, टूल अँड डाय मेकिंग, म्हणजे कारखान्याची अवजारे आणि साचे बनवण्याचे शिक्षण बघा. छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये दहावीनंतर चार वर्षांचा डिप्लोमा आहे, प्रवेशपरीक्षा असते. आयटीआयमध्ये टूल अँड डाय मेकर हा दोन वर्षांचा ट्रेड आहे. पॉलिटेक्निकचा मेकॅनिकल डिप्लोमा तीन वर्षांचा, आणि पुढे पदवी हवीच असेल तर थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. आयटीआय हे नापासांचे ठिकाण, असे अजूनही मानणाऱ्यांनी एकदा एखाद्या चांगल्या टूलरूमचे दार उघडून बघावे. तिथे शतांश मिलिमीटरची चूक झाली की काम बाद होते.

गणित मात्र सुटणार नाही, हे त्याला सांगा. दहावीत नकोशी वाटलेली त्रिकोणमिती टूलरूममध्ये साइन बारवर, म्हणजे अचूक कोन लावायच्या पट्टीवर, रोज भेटते. किती उंचीचे स्लिप गेज (ठरलेल्या मापाचे पोलादी ठोकळे) खाली ठेवले की कोन बरोबर तेवढाच येईल, हे साइनच्या कोष्टकावरूनच ठरते.

आता दोन शब्द मुलासाठी. त्याला हे वाचायला द्या.

बाळ, केवळ जुन्या गाड्यांवर पोट भरेल असे आजच धरून चालू नकोस. २०२१ च्या केंद्राच्या नियमांनुसार पन्नास वर्षांपुढची, मूळ स्वरूपातली खासगी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये लागतात आणि अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवता येत नाही. १९७४ ची पद्मिनी आता या वयात आली आहे, म्हणजे अशा गाड्या दर वर्षी वाढतील. पण त्यांचे मालक हौशी असतात, काम कधी येईल ते त्यांच्या सवडीवर असते. त्यामुळे टूलरूमचे शिक्षण घे आणि मामाचे गॅरेज रविवारी ठेव.

आणि काही अवजारे घरी अजिबात करायची नाहीत. पद्मिनीच्या पुढच्या चाकांच्या कॉइल स्प्रिंग दाबण्याचे साधन आणि गाडीखाली लावायचे स्टँड विकतच घ्यायचे. दाबलेली स्प्रिंग निसटली तर समोरच्याचा जीव जाऊ शकतो. पुलरला साधी आटे पाडलेली सळई वापरू नकोस, डोक्यावर ८.८ किंवा त्याहून मोठा आकडा कोरलेला बोल्ट घे. जुन्या कमानपाट्याची छिन्नी करताना तिला पाणी दिलेस (लालभडक तापवून एकदम थंड केलेस) की तशीच वापरू नकोस. ती काचेसारखी तडकते, म्हणून जांभळा रंग येईपर्यंत पुन्हा तापवून कडकपणा उतरव. ग्राइंडरवर डोळ्यांना गॉगल हवाच, पण लेथवर हातमोजे कधीही घालू नकोस, ते हातासकट आत ओढले जातात. आणि प्रत्येक अवजाराचे मापांसह चित्र एका वहीत काढत जा. प्रशिक्षणाच्या किंवा अप्रेंटिसशिपच्या मुलाखतीला ती वही बरोबर ने.

बाबांना शेवटचे : प्रवेशाचा कोणताही फॉर्म भरताना मुलगा शेजारी बसलेला असू द्या, आणि अर्ज भरण्याआधी दोघे मिळून शिरोलीतली एखादी टूलरूम बघून या. तिथे काय चालले आहे ते त्याला तुम्हाला समजावून सांगू द्या. तुमचा साडूंच्या घरचा विषय त्या दिवशी काढू नका.