वाटणीचा दावा, कन्नड उतारे आणि एआय

प्रश्न : निपाणीत वकिली करतो. वाटणीच्या एका दाव्यात चाळीसेक कागद आहेत : कन्नड उतारे, १९५६ आधीचे मराठी फेरफार, खरेदीखतं. ज्युनियर एकच. एआयला कोणतं काम द्यावं, कोणतं देऊ नये?

उत्तर : आधी तारीखवार तक्ता करून घ्या. तारीख, कागद, काय घडलं आणि पान क्रमांक असे चार रकाने. पान क्रमांक नसेल तर तक्ता पडताळायला सगळं बाड पुन्हा वाचावं लागतं. एका वेळी पाच-सहाच कागद द्या. चाळीस एकदम दिले की मधले सुटतात, आणि सुटल्याचं कळतही नाही.

सूचनेच्या पहिल्या ओळीत जमीन कर्नाटकात आहे हे लिहा. मराठीत विचारलं की एआय महाराष्ट्र गृहीत धरतं आणि १९६६ ची जमीन महसूल संहिता सांगू लागतं. आपल्याला लागू आहे तो कर्नाटकचा १९६४ चा अधिनियम. १९५६ आधी निपाणी मुंबई राज्यात होती. जुने फेरफार त्या काळातले, म्हणून ते वेगळे ठेवा.

सर्वांत घातक चूक क्षेत्रात होते. उताऱ्यावरचे २.२०.०० म्हणजे २ एकर २० गुंठे ० आणे, अर्थात १०० गुंठे (एक एकर म्हणजे ४० गुंठे). एआय ते २.२० एकर, म्हणजे ८८ गुंठे धरू शकतं. १२ गुंठे कागदावरच गेले! म्हणून सगळी क्षेत्रं गुंठ्यांत मांडायला सांगा आणि बेरीज स्वतः करा. नावंही 'दुरुस्त करू नकोस' म्हणून बजावा. उताऱ्यात चौगला आणि दाखल्यात चौगुले असेल, तर माणूस एक की दोन हे पक्षकारच सांगेल.

गुप्ततेचं म्हणाल, तर नुसती नावं खोडून भागत नाही. गाव आणि सर्व्हे नंबर राहिला की 'भूमी' या कर्नाटकच्या जमीन नोंदींच्या संकेतस्थळावर मालक कुणालाही दिसतो. तेही बदला, आधार क्रमांक काढा. उताऱ्याचा फोटो तसाच चढवू नका. पक्षकाराची गुप्तता राखण्याची कायदेशीर जबाबदारी तुमच्यावर आहे, एआयवर नाही.

मुदत मात्र सोपवूच नका. दिवाणी हुकूमनाम्यावर जिल्हा न्यायालयात अपील ३० दिवसांत, उच्च न्यायालयात ९०. हुकूमनाम्याची नक्कल मिळायला लागलेले दिवस वजा करून तुम्हीच मोजा.

निवाड्यांचंही तसंच. २०२३ मध्ये न्यूयॉर्कला एआयने रचलेले खोटे निवाडे दाखल केल्याबद्दल वकिलांना ५,००० डॉलर दंड झाला. सर्वोच्च न्यायालयाचा प्रत्येक हवाला ई-एससीआरवर, म्हणजे त्या न्यायालयाच्या निवाड्यांच्या अधिकृत ऑनलाइन संग्रहात, उघडा आणि तो परिच्छेद मुळातून वाचा. सापडला नाही तर अर्जातून काढून टाका.