मसुद्यावर हरकत घ्यायची ती कशी?

प्रश्न : कामगार सुरक्षेची २०२० ची संहिता संसदेत मंजूर झाली, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागूही झाली. आता नियमांच्या मसुद्यावर हरकती घेऊन काय मिळणार? (युनियन कार्यकर्ता, चाकण)

बरेच काही. संहितेत दिवसाला ८ तासांची मर्यादा आहे. पण मधल्या विश्रांतीच्या वेळा धरून कामगाराला दिवसात एकूण किती तास अडकवून ठेवायचे, हे सरकारवर सोडले आहे. केंद्राच्या नोव्हेंबर २०२० च्या मसुद्यात हा आकडा १२ होता. सुरक्षा समिती कुठे हवी, हेही सरकारी आदेशावरच. कायद्यावर चर्चा झडतात, आकडे मात्र इथे ठरतात.

प्रश्न : मी कंत्राटी कामगार, युनियनमध्ये नाही. माझी हरकत घेतील का?

घ्यावीच लागेल. सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम, १८९७ (जनरल क्लॉजेस ॲक्ट) च्या कलम २३ नुसार कोणत्याही व्यक्तीची हरकत वा सूचना विचारात घ्यायची असते. अधिसूचनेतली मुदत तेवढी चुकवू नका.

प्रश्न : हरकत लिहायची कशी?

'नियम कामगारविरोधी आहे, रद्द करा' एवढ्याने काही हलत नाही. नियमाचा क्रमांक, मसुद्यातले शब्द, त्याऐवजी तुम्हाला हवे ते शब्द आणि कारण, असे लिहा. समजा, मसुद्यात वार्षिक वैद्यकीय तपासणी आहे, पण अहवाल कामगाराला द्यावा असे कुठेच नाही. मग ते वाक्य तुम्हीच लिहून द्या : 'तपासणीचा अहवाल ७ दिवसांत कामगारास त्याला समजेल अशा भाषेत द्यावा.' कारणही प्रत्यक्ष कामातले द्या. फौंड्रीत (धातूच्या ओतकामात) वाळूतल्या सिलिकाची धूळ फुफ्फुसात साचते, त्यातून होणारा सिलिकोसिस हा आजार बरा होत नाही. एक्स-रेत दोष दिसूनही माणसाला कळलेच नाही, तर तो त्याच धुळीत राबत राहतो. एकाच मजकुराची हजार छापील पत्रे धाडण्याची आपल्याकडे हौस आहे. त्यातून नाराजी कळते, पण मसुदा दुरुस्त करणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. पोच जपून ठेवा.

प्रश्न : मागे हरकत पाठवली, उत्तर आले नाही, नियमही तसाच राहिला. कोर्टात जावे का?

केवळ एवढ्यावरून नको. हरकत विचारात घेणे बंधनकारक आहे, प्रत्येकाला उत्तर देणे नाही. शिवाय पूर्वप्रसिद्धीनंतर (म्हणजे आधी मसुदा प्रसिद्ध करून हरकती मागवल्यावर) केलेला म्हणून नियम राजपत्रात आला, की तो रीतसर झाल्याचा तोच निर्णायक पुरावा. माझ्या मते ही मोठी उणीव आहे. अमेरिकेत महत्त्वाच्या आक्षेपांना अंतिम नियमासोबत उत्तर द्यावे लागते. तिथल्या २०१६ च्या सिलिका नियमातही ते दिले होते. आपल्याकडे १० रुपयांचा माहिती अधिकार अर्ज करा आणि हरकतींवर काय टिपणी झाली, त्या नस्तीची प्रत मागा.

प्रश्न : पॉवर प्रेसचा (पत्रा दाबणाऱ्या मशीनचा) संरक्षक गार्ड काढून काम करायला लावतात. हे मसुद्यावर लिहू का?

मसुद्याची वाट पाहू नका. गंभीर इजेची भीती असेल तर संहितेनुसार मालकाला आणि त्याच वेळी निरीक्षकाला कळवता येते. मशीनचा क्रमांक, तारीख, पाळी घालून आजच लेखी द्या.