आंघोळीचे पाणी आणि गीझरचे बिल: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न: शॉवरने पाणी जास्त जाते की बादलीने? घरात चौघे आहोत आणि हा वाद मिटत नाही. (ठाणे)

उत्तर: वाद मोजूनच मिटवा. शॉवरखाली बादली ठेवा, एरवी जेवढा नळ सोडता तेवढाच सोडा आणि मोबाइलवर वेळ लावा. बादली किती लिटरची हे माहीत नसेल तर एक लिटरच्या बाटलीने ती एकदा भरून पाहा. 20 लिटरची बादली 1 मिनिट 40 सेकंदांत भरली, तर तुमचा शॉवर मिनिटाला 12 लिटर पाणी सोडतो. आठ मिनिटांच्या आंघोळीला 96 लिटर लागले, म्हणजे जवळजवळ पाच बादल्या. तोच शॉवर मिनिटाला 6 लिटरचा असेल आणि आंघोळ पाच मिनिटांची, तर 30 लिटर, म्हणजे दीड बादली. साबण लावताना बंद केला तर त्याहूनही कमी. बादली-तांब्याची आंघोळ एका बादलीत होते, केस धुवायचे असले तर दोन. अर्थात बादली भरून वाहतेय आणि नळ चालूच आहे, असे असेल तर तिचा काही फायदा नाही.

आता पैसे. एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला 1 किलोकॅलरी लागते आणि विजेच्या एका युनिटमध्ये 860 किलोकॅलरी असतात. थंडीत 20 अंशांचे पाणी 40 अंशांवर न्यायचे, तर 20 लिटरच्या बादलीला जवळपास अर्धा युनिट जातो. चौघांनी रोज एकेक बादली गरम पाणी वाचवले, तर महिन्याला साधारण 55 युनिट वाचतात. महावितरणच्या घरगुती बिलात 100 आणि 300 युनिटांना दराची पायरी बदलते. वाचलेले युनिट सगळ्यात वरच्या, महागड्या पायरीतले असतात हे हिशेबात धरा.

प्रश्न: 15 लिटरचा गीझर आहे. शॉवर सुरू केला की तिसऱ्या मिनिटाला पाणी गार. 25 लिटरचा घ्यावा का? (नाशिक)

उत्तर: थांबा, आधी शॉवर मोजा. गीझरमधले 15 लिटर पाणी 60 अंशांचे आणि नळाचे 20 अंशांचे असेल, तर दोन्ही निम्मे-निम्मे मिसळून 40 अंशांचे 30 लिटर पाणी मिळते. मिनिटाला 12 लिटरच्या शॉवरला ते अडीच मिनिटे पुरते. आंघोळ चालू असताना 2000 वॅटची कॉइल पाणी तापवतच असते, पण मिनिटाला जेमतेम दीड लिटर कोमट पाण्याची भर घालते. शिवाय टाकीत खालून थंड पाणी शिरून मिसळते, म्हणून प्रत्यक्षात याहून थोडे कमीच मिळते. मिनिटाला 6 लिटरचा शॉवर लावलात तर हाच गीझर पाच मिनिटे पुरेल. 25 लिटरची टाकी एकदा तापायला 1.2 युनिट लागतात, 15 लिटरच्या टाकीला 0.7. मोठा गीझर घेऊन तुम्ही फक्त जास्त पाणी वाहू द्याल.

शॉवर बदलणे घरी जमते. बहुतेक जोड अर्ध्या इंचाचे असतात. जुना शॉवर पान्ह्याने काढताना एका हाताने शॉवरचा दांडा घट्ट धरा, नाहीतर भिंतीतला एल्बो (पाइपचा काटकोनी जोड) ढिला होतो आणि गळती टाइल्सच्या मागे सुरू होते. ती गळती शेजाऱ्याच्या छताला ओल आल्यावर कळते. पान्ह्याला कापड गुंडाळा, म्हणजे क्रोमवर ओरखडे येणार नाहीत. जुनी टेप खरवडून काढा आणि आट्यांच्या टोकाकडून पाहत, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने टेफ्लॉन टेपचे पाच-सहा वेढे द्या. उलटे दिले तर आवळताना टेप उलगडते. वॉशर बसवा, हाताने आवळा, मग पान्ह्याने फक्त पाव फेरा. प्लॅस्टिकचा शॉवर जास्त आवळला की तडकतो. बसवून झाल्यावर पुन्हा बादलीने मोजा. खोक्यावरचा आकडा ठरावीक दाबाला असतो, तुमच्या घरातल्या दाबाला नाही.

प्रश्न: अकरा मजली इमारत, गच्चीवर सौर बंब, आम्ही तिसऱ्या मजल्यावर. गरम पाणी येईपर्यंत बादलीभर पाणी जाते. (पुणे)

उत्तर: पाइपमध्ये रात्रभर निवलेले पाणी आधी बाहेर येते, म्हणून असे होते. पाऊण इंची सीपीव्हीसी (गरम पाण्याच्या प्लॅस्टिक) पाइपच्या एका मीटरमध्ये सुमारे पाव लिटर पाणी असते. तुमच्यापर्यंत 30 मीटर पाइप असेल तर साडेसात लिटर, आणि सामाईक उभा पाइप जाड असेल तर दुप्पट-तिप्पटही. उपाय सोसायटीलाच करावा लागेल. पाइपच्या खालच्या टोकापासून टाकीपर्यंत परतीची लाइन, त्यावर छोटा पंप, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटे जाऊ न देणारी झडप) आणि टायमर. पंप फक्त सकाळच्या वेळेत चालवा. चोवीस तास चालवला तर पाइपांमधून उष्णता जाऊन टाकीच गार होते. पाइपवरचे इन्सुलेशनही गच्चीत जाऊन बघा, उन्हाने त्याचे तुकडे पडतात. तोवर ते पहिले पाणी बादलीत धरा आणि फरशीला वापरा. घरातल्या सगळ्यांनी लागोपाठ आंघोळी उरकल्या तर ते एकदाच जाते.

प्रश्न: पाणी वाचवणारा महागडा शॉवर लावला, पण नुसती धार पडते. बंगल्याची टाकी गच्चीवरच आहे. (सांगली)

उत्तर: दहा मीटर उंचीला एक बार दाब मिळतो. शॉवरपासून टाकी दोन मीटर वर असेल तर दाब 0.2 बार. असे शॉवर साधारण एक बारच्या आसपास नीट चालतात. जोडात पाणी कमी सोडणारी चकती असेल तर काढून पाहा, नाहीतर जुना शॉवर परत लावा. तो मिनिटाला सात लिटरांहून कमी पाणी देत असेल तर काहीच विकत घेऊ नका. त्यासाठी प्रेशर पंप बसवणे म्हणजे वीज खर्चून पाण्याचा वापर वाढवणे.

प्रश्न: बोअरच्या पाण्याने शॉवरची भोके बुजतात. ॲसिड वापरू का? (लातूर)

उत्तर: नको, त्याने क्रोम उडते. एक लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे लिंबूसत्त्व घालून शॉवर दोन-तीन तास बुडवा, मग जुन्या टूथब्रशने घासा. त्यात ब्लीचिंग पावडर कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू तयार होतो.

प्रश्न: गॅस गीझर स्वस्त पडेल का? (कोल्हापूर)

उत्तर: एक किलो एलपीजी पाणी तापवायला साधारण 10 युनिट विजेइतका उपयोगी पडतो. सिलिंडरची किंमत 14.2 ने भागा आणि तुमच्या 10 युनिटांच्या खर्चाशी ताडून पाहा. मात्र तो बाथरूमच्या आत लावायचा असेल तर आमचे उत्तर नाही असेच आहे. बंद जागेत ज्वलन अर्धवट होऊन कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो आणि त्याने माणसे दगावतात. गीझर बाहेर, मोकळ्या हवेत लावा आणि फक्त पाण्याचा पाइप आत आणा. आधीच आत बसवलेला असेल तर तो हलवेपर्यंत स्वतः बाथरूमबाहेर थांबून बादली भरून घ्या, गीझर बंद करा आणि मगच आंघोळीला जा. आंघोळ करताना डोके दुखले, गरगरले किंवा मळमळले, तर लगेच दार उघडून बाहेर या.