माग चालतो की पळतो?

सोलापुरातल्या एका कॉलेजकन्येने विचारलं आहे : "आमचे पूर्व भागात आठ यंत्रमाग आहेत. इंग्रजी निबंधात मी 'माय फादर ड्राइव्ह्ज एट लूम्स' असं लिहिलं. बाईंनी 'ड्राइव्ह्ज' खोडून 'रन्स' केलं. काका, माग जागचा हलत नाही, मग तो पळवायचा कसा? 'रन'ला मराठीत नेमका शब्द कोणता? पाठ करायला यादी असेल तर द्या."

बाईंची दुरुस्ती योग्य आहे. तुझी शंकाही योग्य आहे, पण ती अर्धीच विचारलीस. जो माग जागचा हलत नाही, तो मराठीत चालतो कसा? 'कारखाना दोन पाळ्यांत चालतो' हे वाक्य आपण दिवसातून दहा वेळा बोलतो आणि कारखान्याला पाय कुठे आहेत, असं कुणाच्या मनात येत नाही. परक्या भाषेतलं रूपक आपल्याला टोचतं, आपलं अंगवळणी पडलेलं असतं.

तुझ्या गल्लीतच एक पुरावा आहे. पूर्व भागात घरोघरी तेलुगू बोलली जाते. तेलुगूत 'नडुचु' म्हणजे चालणं, आणि दुकान किंवा गाडी चालवायची तर 'नडुपु'. अक्कलकोटच्या बाजूला गेलीस की कन्नड ऐकू येते. तिथे 'नडे' म्हणजे चालणं आणि 'नडेसु' म्हणजे चालवणं. मराठी एका भाषाकुळातली, तेलुगू आणि कन्नड दुसऱ्या, तरी सोलापुरात नांदणाऱ्या या तिन्ही भाषा धंद्याला चालायलाच लावतात. मला या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं. शेजारी राहणारी माणसं एकमेकांचे शब्द घेतात हे आपण जाणतो. इथे शब्द ज्याचे त्याचे आहेत, पण विचार करण्याची रीत एक आहे.

आता 'चालणे'च्या मुळाशी जाऊ. संस्कृत 'चल्'चा मूळ अर्थ पायांनी जाणं एवढाच नाही. हलणं, ढळणं, थरथरणं हे सगळं त्यात आहे. म्हणून डोंगर 'अचल', मन 'चंचल', आणि निर्णय होत नसला की मनाची 'चलबिचल'. माग जागेवर असतो, पण धोटा इकडून तिकडे जात असतो, फणी ठोकत असते, सूत पुढे सरकत असतं. ती हालचाल अखंड आहे तोवर माग 'चालू', थांबली की 'बंद'. हात चालतो, तोंड चालतं, डोकं चालत नाही, या साऱ्यांत पाय कुठेच नाहीत.

'रन'चंही तसंच आहे. आपण शाळेत 'रन म्हणजे धावणे' असं पाठ करतो आणि पुढचे सगळे अर्थ अपवाद वाटू लागतात. पण जुन्या इंग्रजीतही या क्रियापदाला पळण्याबरोबर वाहण्याचा अर्थ होता, आणि त्याच्या नात्यातलं जर्मन 'रिनेन' आजही पाणी वाहण्या-झिरपण्यासाठी वापरतात. म्हणून 'रन' दिसला की डोळ्यांसमोर मैदानावरचा खेळाडू आणू नकोस, पाटाचं पाणी आण. मग नोज रन्स म्हणजे नाक वाहतं, हे आपोआप कळतं. गालावरून अश्रू रन होतात, आपण 'ओघळले' म्हणतो. टॅप रन होतो, आपला नळ चालू असतो. पुण्याहून सोलापूरमार्गे हैदराबादला जाणारा रस्ताही इंग्रजीत रन होतो, कारण तो पाण्यासारखा लांबवर पसरलेला आहे. मराठीत रस्ता नुसता जातो.

यातलं आपल्या गावाचं खास उदाहरण रंगाचं. चादर घ्यायला आलेलं गिऱ्हाईक हमखास विचारतं, "रंग जाणार नाही ना?" इंग्रजी बोलणारा माणूस तिथे कलर रन होईल का, असं विचारतो. पहिल्या धुण्यात लाल पट्टा पांढऱ्यात उतरतो ते आठव. तिथे रंग खरोखर पाण्याबरोबर वाहत असतो.

आणि आता मला सर्वांत आवडणारा धागा. पळणं आणि वाहणं एकाच धातूत असणं ही इंग्रजीची मिरास नाही. संस्कृत 'सृ' म्हणजे जाणं, धावणं आणि वाहणंही. 'सरिता' त्यातूनच आली. त्याच धातूचं मराठी रूप आहे 'सरणे'. बाजूला सरतो तो माणूस, सरतात ते दिवस, आणि डब्यातलं पीठही 'सरतं'. इंग्रजीत पीठ रन आउट होतं. दोन्हीकडे वाहून जाणं हेच संपणं झालं आहे. खेड्यातल्या म्हाताऱ्या बाया अजून 'तेल सरलं' म्हणतात. शहरात आपण सरसकट 'संपलं' म्हणू लागलो आहोत. 'सरलं' हा शब्द बोलण्यातून जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

लॅटिनमध्ये धावण्याला 'कुरेरे' म्हणतात. त्यातून इंग्रजीतले करंट आणि करन्सी निघाले. आपण त्यांना काय म्हणतो? बँकेत वडिलांचं असतं ते 'चालू खातं', आणि हातातून हातात फिरणारा पैसा 'चलन'. त्यांचा पैसा धावणारा, आपला चालणारा.

यादी मात्र मी देणार नाही. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाच्या तिसऱ्या आवृत्तीसाठी 'रन' या एका क्रियापदाचे ६४५ अर्थ नोंदवले गेले, आणि ते लावायला पीटर गिलिव्हर या कोशकाराला नऊ महिने लागले. ते पाठ करण्यात अर्थ नाही. कुठे जोडी जमते आणि कुठे फाटते, एवढं पाहा. 'इट रन्स इन द फॅमिली' म्हणजे 'घराण्यात चालत आलंय', इथे जोडी चपखल. कुणी अचानक भेटलं तर त्यांचं रन इंटू, आपली 'गाठ पडली'. ताप रन करतात ते. आपल्याला नुसता 'येतो'.

निवडणुकीचं तर बघण्यासारखं आहे. अमेरिकेत उमेदवार रन होतो, इंग्लंडमध्ये तो स्टँड होतो. आपलाही माणूस निवडणुकीला 'उभा' राहतो. इंग्रजी भाषा एक, पण एका देशात पळापळ आणि दुसऱ्यात उभं राहणं.

उलट 'चालणे'चा एक अर्थ 'रन'ला मुळीच पेलत नाही, तो म्हणजे संमतीचा. 'उद्या आलो तर चालेल का?' 'उपासाला रताळं चालतं.' 'चालतंय की!' इथे इंग्रजी माणूस 'दॅट विल डू' म्हणेल, नाहीतर 'फाइन'. तिथे चुकून रन घातलास तर बाईंची लाल शाई पुन्हा दिसेल.

'ड्राइव्ह' का चुकलं, तेही सांगतो. ड्राइव्ह म्हणजे मुळात हाकणं, गुरं पुढे घालून नेणं. मोटार ही बैलगाडीच्या जागी आली, म्हणून तीही ड्राइव्ह होते. माग कुठे न्यायचा नसतो, म्हणून तो हाकता येत नाही.

गिरण्यांच्या गावात राहतेस, म्हणून एक वाक्प्रचार तुला माहीत हवा : 'रन ऑफ द मिल'. आज त्याचा अर्थ साधारण, चारचौघांसारखा. मुळात गिरणीतून जसा निघेल तसा, निवड आणि प्रतवारी न केलेला माल, असा तो होता. तुझ्या वडिलांना 'न निवडलेला लॉट' म्हटलंस की ते लगेच समजतील. या वाक्प्रचाराला मराठीत मी 'सरधोपट' सुचवीन.

घरी एक वाक्य करून बघ : सूत सरलं, म्हणून माग चालत नाही. इंग्रजीत मांडलंस तर दोन्ही ठिकाणी रनच येईल, पहिल्यांदा आउट घेऊन आणि नंतर नॉट घेऊन.